सोंगाड्या आणि स्तुतिपाठक

इस्राएल लोकांना अद्याप राजा नव्हता, त्या काळातील एक कथा जुन्या करारातील 'शास्ते' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आली आहे. अबीमलेख नावाच्या महत्त्वाकांक्षी पुरुषाने आपल्या सत्तर भावांची एकाच शिळेवर हत्या केली आणि शखेमच्या लोकांकडून स्वतःला राजा म्हणवून घेतले. सर्वांत धाकटा योथाम लपून बसल्यामुळे तेवढा वाचला. त्याच्याजवळ सैन्य नव्हते, द्रव्य नव्हते, पाठीशी कोणी नव्हते. तो गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर चढला आणि खालच्या लोकांना ओरडून एक गोष्ट सांगू लागला. झाडांनी आपल्यासाठी राजा निवडायचे ठरविले. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल यांनी आपापले फळ सोडून सिंहासनावर बसण्यास नकार दिला. काटेझुडूप मात्र तत्काळ तयार झाले आणि त्याने सर्व झाडांना आपल्या सावलीत येण्याचे निमंत्रण दिले. काटेझुडपाची ती सावली कसली? ऐकणाऱ्यांना हसू आले असेल आणि पाठोपाठ लाजही वाटली असेल. गोष्ट संपताच योथाम जीव घेऊन पळाला.

पवित्र शास्त्रातील हे राजकीय विडंबन मोठे बोलके आहे. सत्ताधाऱ्याला हसण्याची रीत फार जुनी आहे आणि हसून झाल्यावर पळावे लागण्याची रीतही तितकीच जुनी आहे. हे स्मरण करण्याचे कारण असे की, २०२५ च्या मार्च महिन्यात मुंबईत एका विनोदी कलावंताने सत्तेतील नेत्यावर केलेल्या विडंबनावरून मोठे वादळ उठले आणि तेव्हापासून आमच्या धर्मग्रामांतील तरुण व पालक हा विषय वारंवार काढतात. नेत्याची टिंगल करणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? वर्तमानपत्रांनी अशा टिंगलीला प्रसिद्धी द्यावी काय? या प्रश्नांची उत्तरे देण्यापूर्वी आपण ज्या मराठवाड्यात राहतो त्या भूमीचा इतिहास याविषयी काय सांगतो, ते पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पैठणची अर्जदस्त

सोळाव्या शतकात पैठण येथे होऊन गेलेले संत एकनाथ हे भागवताचे भाष्यकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु सामान्य माणसाच्या तोंडी त्यांची भारुडे अधिक बसली. वासुदेव, गोंधळी, जोगी, आंधळा, बहिरा अशा रस्त्यावरच्या माणसांची सोंगे घेऊन नाथांनी दांभिकतेवर बोट ठेवले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते आणि नाथांचे तरुणपण त्यांच्या सहवासात गेले. कचेरीतले कागद, हिशेब, हुकूम यांची भाषा त्यांनी तेथे जवळून ऐकली असणार. म्हणूनच त्यांच्या भारुडांत 'अर्जदस्त', 'ताकीदपत्र', 'अभयपत्र' असे सरकारी कागदांचे नमुने येतात. बादशाही दप्तराची फारसीमिश्रित भाषा जशीच्या तशी उचलायची आणि ती जीव व परमेश्वर यांच्या व्यवहाराला लावायची, ही युक्ती वरवर आध्यात्मिक आहे. पण ज्या कागदासाठी गरीब रयत महिनोन् महिने खेटे घालीत होती तोच कागद भारुडात ऐकताना तिला हसू आल्यावाचून कसे राहील?

हीच परंपरा पुढे तमाशात उतरली. गण आणि गवळण झाली की बतावणी येते आणि मग वगात राजा सिंहासनावर बसतो. त्या राजाच्या शेजारी सोंगाड्या असतो. राजाला जे प्रधान सांगू शकत नाही ते सोंगाड्या सांगतो आणि त्याला शिक्षा होत नाही, कारण तो वेडा आहे असे सर्वांनी मिळून मान्य केलेले असते. लिहितावाचता न येणाऱ्या समाजात वर्तमानपत्राचे निम्मे काम या सोंगाड्याने केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. गावच्या पाटलाचे वा सावकाराचे नाव न घेता गावाला काय म्हणायचे आहे ते तो बोलून जात असे आणि समोर बसलेल्या पाटलालाही ते ऐकून घ्यावे लागे.

गश्ती निशाण त्रेपन्न

निजामाच्या हैदराबाद संस्थानात औरंगाबाद, बीड, परभणी, उस्मानाबाद व नांदेड असे पाच मराठी जिल्हे होते. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादचाच भाग होता. तो १९८२ साली वेगळा झाला. या संस्थानात १९२९ साली 'गश्ती निशाण त्रेपन्न' या नावाने ओळखले जाणारे फर्मान निघाले. त्यामुळे सरकारी परवानगीवाचून जाहीर सभा घेणे अशक्य झाले. बाहेरून येणाऱ्या वृत्तपत्रांवर बंदी येई आणि संस्थानातून निघणाऱ्या पत्रांच्या डोक्यावर टांगती तलवार असे.

अशा काळात १९३७ साली आनंद कृष्ण वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे साप्ताहिक सुरू केले. सरकारने ते बंद केले की वाघमारे नव्या नावाने पत्र काढीत. तेही बंद झाले की आणखी एक नाव. आम्हांस या हट्टामध्येच एक मोठे विडंबन दिसते. सरकारने नावावर बंदी घालावी आणि संपादकाने नाव बदलून तेच म्हणणे पुन्हा छापावे, यात हसे कोणाचे होत होते? बंदी घालणाऱ्याचे! जुलमी सत्तेचे हास्यास्पद रूप दाखविण्यासाठी दर वेळी व्यंगचित्र काढावे लागते असे नाही. कधी कधी तिच्या हुकुमाचे अक्षरशः पालन केले तरी पुरते.

परंतु या खेळाची दुसरी बाजू रक्तरंजित होती. १९४८ च्या ऑगस्ट महिन्यात 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची हैदराबादेत रझाकारांनी हत्या केली. रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने त्यांनी लिहिले होते. मारेकऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. त्यांनी विडंबन लिहिले नव्हते, त्यांनी सरळ लिहिले होते. एक महिनाही उलटला नाही तोच, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, संस्थान मुक्त झाले. नांदेड-लातूरच्या शाळांत मुक्तिदिनी ध्वज उभारला जातो तेव्हा या मुसलमान संपादकाचे नाव मुलांना सांगितले गेले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

वर पाहणारे हसू, खाली पाहणारे हसू

स्वतंत्र भारतात काही काळ सत्ताधारी आणि विडंबनकार यांचे नाते विलक्षण मोकळे होते. १९४८ साली व्यंगचित्रकार शंकर यांनी दिल्लीत 'शंकर्स वीकली' सुरू केले, तेव्हा पंडित नेहरूंनी मलाही सोडू नका असे त्यांना सांगितल्याचे प्रसिद्धच आहे. महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात असताना १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये आचार्य अत्र्यांनी 'मराठा' दैनिक काढले आणि मोरारजी देसाईंसारख्या नेत्यांवर विनोदाचे आसूड ओढले. रस्त्यावर शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे होते, छापखान्यात अत्रे होते. राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १३ ऑगस्ट १९६० रोजी, बाळ ठाकरे यांच्या 'मार्मिक' या व्यंगचित्र साप्ताहिकाचे प्रकाशन खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. ज्याची चेष्टा होणार त्यानेच चेष्टेच्या साप्ताहिकाचे उद्घाटन करावे, ही त्या पिढीची खिलाडूवृत्ती आज दुर्मीळ झाली आहे.

येथे मात्र इतिहासाचे एक अवघड पान उलटावे लागते. ज्या 'मार्मिक'ने मंत्र्यांना हसविले आणि रडविले, त्याच 'मार्मिक'ने पुढे मुंबईतील कार्यालयांतून काम करणाऱ्या परप्रांतीयांच्या नावांच्या याद्या छापल्या. राजसत्तेकडे रोखलेली लेखणी आता पोटासाठी मुंबईत आलेल्या दाक्षिणात्य कारकुनाकडे वळली. मराठी तरुणांची बेकारी खरी होती, तिच्याविषयीचा संताप खरा होता. पण ज्याला उत्तर देण्याचे साधन नाही त्याला लक्ष्य करणारे हसू आणि मंत्र्याला लक्ष्य करणारे हसू यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

आपणा कॅथोलिकांना हा भेद समजणे कठीण जाऊ नये. अमेरिकेतील थॉमस नास्ट या थोर व्यंगचित्रकाराने १८७१ साली न्यूयॉर्क शहर लुटणाऱ्या ट्वीड नावाच्या पुढाऱ्याला आपल्या चित्रांनी जेरीस आणले. आपले मतदार वाचू शकत नाहीत, पण चित्रे पाहू शकतात, ही ट्वीडची खरी चिंता होती असे सांगतात. पुढे हा पुढारी तुरुंगातून निसटून स्पेनला पळाला तेव्हा नास्टच्या चित्रावरूनच तो ओळखला गेला. परंतु याच नास्टने त्याच वर्षी कॅथोलिक बिशपांना नदीकाठावरील मुलांवर धावून येणाऱ्या सुसरींच्या रूपात रेखाटले. बिशपांच्या शिरावरील किरीट म्हणजेच सुसरीचा वासलेला जबडा! त्या काळी न्यूयॉर्कमधील आयरिश कॅथोलिक हे दुष्काळातून जीव वाचवून आलेले, हलकी कामे करणारे लोक होते. एकाच कुंचल्यातून न्यायही उतरला आणि द्वेषही उतरला. म्हणून विडंबनकार किती थोर आहे यापेक्षा त्याचे बोट कोणाकडे आहे, हे आधी पाहावे.

'हेडमास्तरां'चा काळ

२५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. १९७५ च्या फेब्रुवारीपासून १९७७ च्या मे महिन्यापर्यंत ते त्या पदावर होते. शिस्तीच्या कठोर आग्रहामुळे वृत्तपत्रांनी त्यांना 'हेडमास्तर' हे टोपणनाव दिले होते. जायकवाडीच्या धरणासाठी त्यांनी घेतलेले कष्ट मराठवाडा विसरलेला नाही. पैठणच्या त्या जलाशयाला नाथसागर म्हणतात, हेही येथे आठवावे. परंतु त्याच काळात वृत्तपत्रांच्या मजकुरावर सरकारी परीक्षक बसले आणि 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांना तुरुंगात जावे लागले. निजामाविरुद्ध लढलेल्या या माणसाला स्वराज्यातही गजांआड बसावे लागले.

विडंबनावर या काळाचा परिणाम तत्काळ झाला. ऑगस्ट १९७५ च्या अखेरीस 'शंकर्स वीकली' बंद पडले. हुकूमशाहीला हसणे परवडत नाही, अशा आशयाचा निरोप घेऊन शंकर थांबले. तथापि १० डिसेंबर १९७५ रोजी अबू अब्राहम यांचे एक व्यंगचित्र 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये छापून आलेच. राष्ट्रपती न्हाणीघरात टबात बसून वटहुकमावर सही करीत आहेत आणि आणखी वटहुकूम असतील तर थांबा म्हणून सांगत आहेत, एवढाच त्याचा विषय. अग्रलेखांच्या कितीतरी स्तंभांनी जे सांगता आले नसते ते त्या चित्राने सांगितले. त्याच महिन्यात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. मंचावर स्वागताध्यक्ष म्हणून केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते. पुढे दुर्गाबाईंनाही अटक झाली.

आणीबाणीनंतर अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेला 'सिंहासन' हा चित्रपट १९७९ साली आला. त्यात निळू फुले यांनी दिगू टिपणीस नावाच्या पत्रकाराची भूमिका केली आहे. सत्तेचे सगळे डाव जवळून पाहिलेला हा वार्ताहर अखेरीस वेड्यासारखा हसत सुटतो. आम्हांस तो शेवट आजही अस्वस्थ करतो. वगातला सोंगाड्या वेडा असल्याचे ढोंग करून खरे बोलत असे. येथे खरे ठाऊक असलेला वार्ताहर बोलू न शकल्यामुळे खरोखरच वेडा होतो.

गोगलगाय आणि चाबूक

आमच्या मराठवाड्यातील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांच्या भिंतीवर क्रूसाशेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर असते. त्यामुळे २०१२ सालचा एक प्रसंग आपल्या घरातलाच आहे. शंकर यांनी १९४९ साली काढलेले एक व्यंगचित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात छापले गेले होते. राज्यघटना ही गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब बसलेले, हाती चाबूक, आणि मागे नेहरू, त्यांच्याही हाती चाबूक. घटना तयार होण्यास लागलेल्या विलंबावर ते चित्र होते. २०१२ च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे एक मुख्य सल्लागार प्रा. सुहास पळशीकर यांच्या पुण्यातील कार्यालयाची मोडतोड झाली.

या वादात दोन्ही बाजूंचे काही खरे होते. चित्र घटनेच्या गतीविषयी होते, बाबासाहेबांच्या अवमानासाठी नव्हते, हे अभ्यासकांचे म्हणणे खरे. पण ज्या समाजाच्या पाठीवर शतकानुशतके खरोखरचे फटके बसले त्या समाजातील मुलाला, आपल्या उद्धारकाच्या मागे चाबूक घेऊन उभा असलेला माणूस पाहून काय वाटेल, हा प्रश्नही खरा. वृत्तपत्रांनी त्या दिवसांत बहुतेक जागा मोडक्या खुर्च्यांना आणि नेत्यांच्या निवेदनांना दिली. ज्याला वेदना झाली त्याच्या घरी जाऊन ती समजून घेणारे आणि चित्राचा मूळ संदर्भ शांतपणे उलगडणारे लेखन आले, परंतु गोंगाटात ते ऐकू आले नाही. मोडतोड करणाऱ्यांनी तर आपल्याच बाजूचे नुकसान केले, कारण त्यानंतर चर्चा वेदनेची न राहता दंग्याची झाली.

नांदेडची ती पाने

आता आपल्याच जिल्ह्याकडे येऊ. १३ ऑक्टोबर २००९ रोजी विधानसभेची निवडणूक झाली. मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून उभे होते. निवडणुकीच्या दिवसांत मोठ्या मराठी दैनिकांतून त्यांच्या कारकिर्दीची थोरवी गाणारी पानेच्या पाने प्रसिद्ध झाली. 'अशोक पर्व' हे नाव त्या वेळी सर्वतोमुखी झाले. नोव्हेंबर महिन्यात ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिले की, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत एकच लेख शब्दशः सारखा आणि तोही निरनिराळ्या नावांनी छापला गेला आहे. उमेदवाराने निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात वृत्तपत्रे व केबल दूरचित्रवाणी मिळून जाहिरातींचा खर्च केवळ ११,३७९ रुपये होता. आपण पैसे देऊन बातम्या छापून घेतल्याचा आरोप श्री. चव्हाण यांनी नाकारला. प्रकरण आयोगाकडे व सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१४ च्या जुलैमध्ये आयोगाने हिशेबाबाबत त्यांच्याविरुद्ध आदेश दिला, तो सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने जे झाले ते असे आहे आणि ते आपण प्रामाणिकपणे जसेच्या तसे स्वीकारले पाहिजे.

परंतु वाचकांपुढचा प्रश्न न्यायालयात सुटणारा नव्हता. भोकरच्या किंवा मुदखेडच्या एखाद्या घरात सकाळी वर्तमानपत्र येते, त्यात एक बातमी असते, आणि तीच बातमी शेजारच्या घरातील वेगळ्या वर्तमानपत्रात दुसऱ्याच माणसाच्या नावाने असते. ही बातमी कोणी लिहिली? कोणासाठी लिहिली? हे विचारण्याचे साधन त्या वाचकाजवळ नाही. भारतीय वृत्तपत्र परिषदेने या रोगाची चौकशी करण्यासाठी दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल २०१० साली तयार झाला, पण तो पूर्ण स्वरूपात लोकांसमोर यायला २०११ साल उजाडले. ज्यांची नावे त्यात होती त्यांनाच तो नको होता, हे उघड आहे.

विडंबनाच्या निबंधात ही कथा का, असे सुज्ञ वाचक विचारतील. कारण असे की, राजाच्या दरबारात दोन माणसे असतात. एक सोंगाड्या आणि दुसरा स्तुतिपाठक. सोंगाड्या मर्यादा ओलांडतो तेव्हा साऱ्या गावाला कळते, लोक संतापतात, खटले होतात. स्तुतिपाठक मर्यादा ओलांडतो तेव्हा कोणालाच काही कळत नाही, कोणाच्या भावना दुखावत नाहीत, कोणी खुर्च्या मोडत नाही. म्हणूनच दुसऱ्याकडून होणारे नुकसान अधिक खोल असते.

मार्च २०२५

२३ मार्च २०२५ रोजी विनोदी कलावंत कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमाची चित्रफीत प्रसिद्ध झाली. तीत एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याविषयी, त्यांचे नाव न घेता, विडंबनगीत होते. त्याच रात्री शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईतील खार भागातल्या त्या सभागृहाची मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या पथकाने त्याच जागेतील बांधकामावर हातोडा चालविला. मोडतोड करणाऱ्यांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. कलावंतावर गुन्हा दाखल झाला. मुख्यमंत्र्यांनी त्यांनी क्षमा मागावी असे म्हटले. त्यांनी ती मागण्यास नकार दिला. २८ मार्च रोजी मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना अटकेपासून अंतरिम संरक्षण दिले आणि २५ एप्रिल रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, चौकशी चालू ठेवण्यास मुभा देऊन, त्यांना अटक करू नये असा आदेश दिला.

या घटनेचे वार्तांकन कसे झाले? पुन्हा मोडक्या खुर्च्या, पुन्हा हातोडा, पुन्हा नेत्यांच्या प्रतिक्रिया. एका नेत्याने काय म्हटले यावर दुसऱ्या नेत्याने काय म्हटले, यातच स्तंभ भरले. काही संपादकांनी धैर्याने अग्रलेख लिहिले, हे नमूद केले पाहिजे. पण गीतातील टीका राजकीय कृतीवर होती की व्यक्तीच्या शरीरावर, रूपावर आणि पूर्वीच्या व्यवसायावर होती, हा साधा भेद फारच थोड्यांनी तपासला. आमच्या मते त्या गीतात दोन्ही होते. पक्ष फोडून सत्तेवर येणाऱ्या नेत्याला जनतेने प्रश्न विचारणे, मग ते गाण्यातून का असेना, हा लोकशाहीतील अधिकार आहे. एखादा माणूस पूर्वी रिक्षा चालवीत होता, याचा टोमण्यासारखा उल्लेख मात्र आम्हांस रुचला नाही. नांदेडच्या स्थानकाबाहेर रिक्षा चालवून मुलांना शिकविणारे कित्येक बाप आमच्या मिस्सेला येतात. या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखविणे हे वृत्तपत्राचे काम होते. आणि त्या गीतात काहीही असले, तरी त्याचे उत्तर हातोड्याने देता येत नाही, हे सांगणेही त्याचेच काम होते.

ख्रिस्तसभेची शिकवण

१९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात आठव्या आज्ञेचे विवरण आहे. तेथे शेजारी शेजारी असलेले दोन परिच्छेद प्रत्येक कुटुंबाने वाचावेत. क्रमांक २४८० मध्ये खुशामतीचा निषेध आहे: दुसऱ्याच्या दुष्कृत्यात त्याला उत्तेजन देणारी स्तुती हा अपराध आहे. त्याला लागूनच २४८१ मध्ये बढाईचा आणि एखाद्याच्या वर्तनाचे दुष्ट हेतूने विडंबन करून त्याला तुच्छ लेखणाऱ्या उपरोधाचा निषेध आहे. स्तुतिपाठक आणि सोंगाड्या हे दोघेही ख्रिस्तसभेने एकाच पानावर उभे केले आहेत! आपल्याकडे दुसऱ्यावर प्रवचने होतात, पहिल्यावर फारशी होत नाहीत. पुढे याच विवरणात, वार्ताहराने सत्याची सेवा करावी आणि प्रीतीचा भंग करू नये, असेही सांगितले आहे.

याचा अर्थ विनोद पाप आहे असा नव्हे. कर्मेल पर्वतावर एलिया संदेष्ट्याने बआलच्या पुजाऱ्यांची थट्टा केली. प्रभू येशूने हेरोदाला कोल्हा म्हटले, आणि ते जीव धोक्यात असताना म्हटले. परंतु काट्यांचा मुकुट घालून, जांभळे वस्त्र चढवून सैनिकांनी ज्याची थट्टा केली तोही येशूच होता. थट्टा करणारा आणि थट्टा सोसणारा, दोन्ही ठिकाणी आपण आपल्या प्रभूला पाहतो. आणि दोन्ही वेळा थट्टेची दिशा कोणती होती, हे शुभवर्तमान स्पष्टपणे दाखविते.

२००० साली पोप जॉन पॉल यांनी राजकीय नेत्यांचा आश्रयसंत म्हणून संत थॉमस मोर यांना घोषित केले. मोर हे चॅन्सेलर होते, पण १५१६ सालच्या 'युटोपिया' या ग्रंथात त्यांनी आपल्या काळच्या राजांची व धनिकांची मार्मिक खिल्ली उडविली आहे. म्हणजे नेत्यांना ख्रिस्तसभेने जो आदर्श दिला आहे तो स्वतः विडंबनकार आहे! १४ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी जगभरातील शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावून त्यांच्या कामाचा गौरव केला. देवालाही आपण प्रेमाने हसू शकतो, असे त्यांनी त्यांना सांगितले. रोममध्येच पास्क्विनो नावाचा एक भग्न पुतळा आहे. सोळाव्या शतकापासून लोक रात्री त्याच्यावर पोपच्या कारभाराची टर उडविणारी कवने चिकटवीत आले. एका पोपने तो पुतळा टायबर नदीत टाकण्याचा विचार केला, तेव्हा तो बेडकासारखा पाण्यातूनही ओरडेल असे कोणी त्यांना सांगितले, अशी आख्यायिका आहे. पुतळा आजही जागेवर आहे.

२०२० च्या जानेवारीत तेव्हाच्या उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या निवडीला विरोध झाला, धमक्याही आल्या. शरीराने थकलेले फादर तरीही आले आणि लेखकाने भयमुक्त असले पाहिजे हे त्यांनी मराठवाड्याच्या मातीत उभे राहून सांगितले. २०२४ च्या जुलैमध्ये ते प्रभुघरी गेले. त्यांनी दिलेला वारसा आपण जपायचा तर वर्तमानपत्र वाचण्याचीही एक शिस्त आपल्या घरात यायला हवी. कोणा नेत्याची चेष्टा छापून आली तर ती त्याच्या कृतीची आहे की जातीची, शरीराची, गरिबीची, हे मुलांना विचारावे. कोणा नेत्याची स्तुती छापून आली तर ती कोणी लिहिली आणि तिचे पैसे कोणी दिले, हेही तितक्याच गांभीर्याने विचारावे. दोहोंपैकी दुसरा प्रश्न आपण विसरतो, म्हणून तो आधी विचारणे बरे.

आणि ही शिस्त आम्ही धर्मगुरूंनी स्वतःपासून सुरू केली पाहिजे. नाताळच्या कार्यक्रमात धर्मग्रामातील तरुण आमच्या प्रवचनाची, चालण्याची, हिशेब मागण्याच्या पद्धतीची नक्कल करतात. पुढच्या रांगेत बसलेल्या धर्मगुरूच्या चेहऱ्याकडे त्या वेळी सर्वांचे लक्ष असते. तो हसला तर त्या मुलांना कळते की अधिकारापुढे खरे बोलता येते. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, तर पुढच्या वर्षी नक्कल होत नाही. स्वागतगीत तेवढे होते.